निऱ्यांमधला मळ

टोरोंटोच्या आसपास जानेवारीत पारा शून्याखाली दहा-पंधरा अंश उतरतो आणि नेमका त्याच आठवड्यात परसातला हॉट टब रुसतो. पंप घरघरतो आहे, वीज आहे, पाणी काठोकाठ आहे. पण पॅनेलवर 'एफएलओ' ही अक्षरे लुकलुकतात आणि हीटर काही चालू होत नाही. घरच्यांना वाटते, हीटर गेला. मग जाणकार शेजारी येतो, टबची वीज बंद करतो, फिल्टर उपसून बाजूला ठेवतो आणि वीज पुन्हा चालू करतो. अक्षरे गायब! म्हणजे पाण्याचा प्रवाह अडवत होता तो फिल्टर. पण बाहेर काढलेला हा फिल्टर तर पांढराशुभ्र दिसतो. गेल्याच रविवारी तो नळाखाली धरून चांगला खळखळून धुतलेला असतो.

धुतलेला, डोळ्यांना स्वच्छ दिसणारा फिल्टर तुंबतो कसा? उत्तर आहे फिल्टरच्या कापडात आणि आपल्या अंगावरून उतरणाऱ्या मळात. त्या मळातला फार थोडा भाग नुसत्या पाण्याने निघतो.

चार माणसे की दोनशे?

परसातला पोहण्याचा तलाव आणि हॉट टब यांना लोक एकाच माळेत ओवतात. हिशेब मात्र वेगळा आहे. घरगुती तलावात ७५,००० लिटर पाणी असेल, तर टबात दीड हजार लिटर. त्या दीड हजार लिटरमध्ये चार जण बसले की पाण्यावर जो भार पडतो, तोच तलावात पडायला एकाच वेळी दोनशे माणसे उतरावी लागतील. शिवाय टबातले पाणी ३८ ते ४० अंश सेल्सिअस असते. त्या उष्णतेने घाम सुटतो, त्वचेवरचे तेल सैल होते आणि जेटचे फवारे ते घुसळून काढतात. वर तलावाचे पाणी हंगामभर टिकवतात आणि टबाचेही दोन-तीन महिने टिकावे अशी अपेक्षा असते.

टब मुळात घाण पाण्यासाठी बनलाच नव्हता, हेही खरे. कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या जकूझी या इटालियन भावंडांचा धंदा आधी विमानांच्या पंख्यांचा, नंतर विहिरीवरच्या पंपांचा. त्यांच्यातल्या कँडिडो जकूझी यांचा मुलगा संधिवाताने आजारी होता; त्याला घरच्या घरी पाण्याचा शेक देता यावा म्हणून त्यांनी न्हाणीच्या टबात बुडवायचा पंप तयार केला. तो १९५६ मध्ये बाजारात आला. १९६८ मध्ये त्याच घराण्यातल्या रॉय जकूझी यांनी जेट टबाच्या भिंतीतच बसवले. त्या न्हाणीच्या टबात प्रत्येक वेळी पाणी भरायचे, अंघोळ झाली की सोडून द्यायचे. तेच पाणी महिनोन् महिने गरम ठेवणारा बाहेरचा टब आला आणि मग सगळा भार फिल्टरवर पडला.

निऱ्यांचे गणित

घरगुती टबातला फिल्टर म्हणजे साधारण १५ सेंटिमीटर जाडीचा आणि फूटभर उंचीचा पोकळ दंडगोल. त्याच्या बाहेरच्या अंगाचे क्षेत्रफळ मोजले तर दीड चौरस फूटच भरते. पण वेष्टनावर लिहिलेले असते ५० चौरस फूट. हा फरक घड्यांचा आहे. नऊवारीचे नऊ वार कापड निऱ्या घालून वीतभर जागेत खोचले जाते, तसे इथे पॉलिएस्टरचे कापड दंडगोलाभोवती उभ्या निऱ्यांत बसवलेले असते. पाणी बाहेरून आत शिरते, कापडातून गाळले जाते आणि मधल्या पोकळीतून पंपाकडे जाते. मळ बाहेरच्या बाजूला, निऱ्यांच्या खोल सांदीत अडकतो.

हे कापड विणलेले नसते. पॉलिएस्टरचे बारीक तंतू एकमेकांवर अस्ताव्यस्त पसरून उष्णतेने जागोजागी चिकटवलेले असतात. त्यात एका मापाची छिद्रे नसतात. असतो तो वाकड्यातिकड्या वाटांचा गुंता. केस, वाळू, पानांचा चुरा पृष्ठभागावरच अडतो. त्याहून बारीक कण आत शिरतात आणि कुठल्यातरी वळणावर तंतूला चिकटतात. यातून एक मजेशीर गोष्ट घडते: कोरा फिल्टर सर्वांत बारीक गाळतो असे नाही. थोडा मळ बसला की वाटा किंचित अरुंद होतात आणि आधी निसटणारे कणही अडकू लागतात. उत्साहाच्या भरात रोजच्या रोज फिल्टर धुणाऱ्यांना म्हणूनच पाण्याची झळाळी काही मिळत नाही, आणि कापड मात्र झिजते.

पण 'थोडा मळ' आणि 'तुंबलेला फिल्टर' यांतले अंतर वाटते त्यापेक्षा कमी असते. बारीक गोल वाटेतून पाणी जात असेल आणि तिची रुंदी निम्मी झाली, तर दाब तेवढाच असताना पाणी निम्मे होत नाही. ते सोळाव्या हिश्शावर येते. याचा अर्थ तंतूंवर अगदी पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर चढला तरी प्रवाह कोसळू शकतो. पाणी पुरेसे वाहत नसेल तर हीटर कोरडा तापून जळेल, म्हणून टबाची यंत्रणा तो बंद ठेवते आणि 'एफएलओ' दाखवते. पांढराशुभ्र फिल्टर गुन्हेगार ठरतो तो असा.

मळाच्या तीन जाती

फिल्टरवर बसणाऱ्या मळाच्या ढोबळमानाने तीन जाती आहेत आणि प्रत्येकीचा स्वभाव निराळा.

पहिली जात सुट्या मळाची: केस, धूळ, त्वचेचा कोंडा, कपड्यांचे तंतू, गवत. हा मळ पाण्याच्या धारेने निघतो. मात्र धार कशी धरायची याला महत्त्व आहे. निऱ्यांवर समोरून सरळ मारा केला तर कण आणखी आत ढकलले जातात. धार तिरकी, साधारण ४५ अंशांत धरायची, वरून खाली यायचे आणि एकेक निरी उघडत फिल्टर फिरवत जायचे. वेळ लागतो, धारेचा जोर वाढवून तो वाचवता येत नाही. गाडी धुण्याचे प्रेशर वॉशर यंत्र इथे वापरणे म्हणजे पैसे देऊन नुकसान करून घेणे. त्या माऱ्याने चिकटवलेले तंतू सुटतात, कापडावर लव उभी राहते आणि वाटा कायमच्या रुंदावतात. ताठ ब्रशचेही तेच. फिल्टर भांडी धुण्याच्या यंत्रात घालायची युक्तीही कुणी कुणी सांगतात. तिथल्या उष्णतेने टोकांची प्लास्टिकची झाकणे आणि त्यांना धरून ठेवणारा डिंक दोन्ही धोक्यात येतात.

दुसरी जात तेलकट मळाची, आणि खरी मेख इथे आहे. त्वचेचे तेल, लोशन, सनस्क्रीन, मेकअप, पोहण्याच्या कपड्यांत राहिलेला साबण हे सगळे तंतूंना लपेटून बसते. मराठी घरांत त्यात केसांच्या तेलाची भर पडते. दिवाळीत अभ्यंग करून, वर उटणे लावून टबात उतरायची हौस न्यू जर्सीतल्या थंडीत समजण्यासारखी आहे. फिल्टरच्या दृष्टीने ती आपत्ती आहे. कारण खोबरेल साधारण २४ अंशांना वितळते. टबातल्या ३८ अंशांच्या पाण्यात ते पातळ असते, सहज कापडाच्या खोलात जाते. मग फिल्टर बाहेर काढून थंड पाण्याच्या धारेखाली धरला की तेच तेल तंतूंवर गोठते. धुणारा माणूस मनापासून धूत असतो आणि तेल तिथेच घट्ट बसत असते. त्वचेच्या तेलातले काही घटकही गारव्याने असेच मेणचट होतात.

तिसरी जात क्षारांची. जड पाण्यातला कॅल्शियम गरम पाण्यात विरघळलेला राहत नाही. गीझरच्या कॉइलवर चढणारे पांढरे पुट तेच. टबात उष्णतेच्या जोडीला जेटचे बुडबुडेही असतात. हवेच्या घुसळणीने पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच वर सरकतो आणि क्षार आणखी वेगाने बाहेर पडतात. लोणावळा, कर्जतकडच्या भाड्याने मिळणाऱ्या बंगल्यांत जकूझी बोअरवेलच्या पाण्याने भरली जाते. तिथे पाणी जड असले की फिल्टरवर तेलाआधी क्षारांचाच थर दिसतो. ओळखायची खूण सोपी आहे. वाळलेल्या निऱ्या ताठ, खरखरीत लागतात आणि त्यांवर व्हिनेगरचा थेंब टाकला की बारीक बुडबुडे येतात.

आधी तेल, मग क्षार

तेल काढायला अल्कली लागते आणि क्षार काढायला आम्ल. घरोघरी चूक होते ती क्रमाची. क्षारांचे पुट डोळ्यांना दिसते, म्हणून आधी आम्लात बुडवायचा मोह होतो. पण आम्ल तेलावर चालत नाही. उलट, तेल आणि साबण यांचे जे मिश्रण तंतूंवर असते त्यातल्या साबणाचे आम्लामुळे पुन्हा मेणासारख्या, पाण्यात न विरघळणाऱ्या चरबीत रूपांतर होते. वर क्षारांवर तेलाचे आवरण असेल तर आम्ल त्यांच्यापर्यंत पोचतही नाही. फिल्टर बनवणारे म्हणूनच बजावतात, की तेल काढल्याशिवाय आम्ल लावू नका. कापड कायमचे तुंबू शकते.

तेलासाठी अमेरिकेत जुना, खात्रीचा उपाय आहे ट्रायसोडियम फॉस्फेट. पाच गॅलनची, म्हणजे सुमारे १९ लिटरची बादली कोमट पाण्याने भरायची, त्यात एक कप भुकटी विरघळवायची आणि सुटा मळ आधीच धुऊन काढलेला फिल्टर रात्रभर बुडवून ठेवायचा. अल्कली त्वचेच्या तेलातल्या आम्लांशी संयोग पावून साबण तयार करते. तो साबण उरलेले तेल उचलून पाण्यात नेतो. मळच मळाला धुऊन काढतो म्हणा ना. पाणी कोमट का, हे खोबरेलाच्या गोष्टीवरून लक्षात आलेच असेल. रात्रभर का, तर पाणी धारेने जिथे पोचत नाही अशा आतल्या वळणांत द्रावण हळूहळू झिरपावे लागते.

ट्रायसोडियम फॉस्फेट नसेल तर भांडी धुण्याच्या यंत्राची भुकटी तेवढ्याच प्रमाणात वापरा, असा सल्ला अनेक वर्षे दिला जातो. त्यात एक गोम आहे. हा सल्ला रुळला तेव्हा त्या भुकट्यांत भरपूर फॉस्फेट असे. नद्या-तलावांतले शेवाळ वाढते म्हणून २०१० मध्ये अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी त्यावर बंदी आणली. आजच्या भुकट्या अल्कलीधर्मी आहेत, काम करतात, पण पूर्वीइतके नाही. हाताने भांडी घासायचा द्रव साबण मात्र चुकूनही नको. त्याचा अंश निऱ्यांतून कितीही धुतला तरी राहतो आणि जेट सुरू केले की टबावर फेसाचा डोंगर उभा राहतो. दुकानात फिल्टरसाठीच मिळणारी तयार द्रावणे महाग असली तरी फेसाच्या बाबतीत निर्धोक असतात.

तेल निघाल्यावर फिल्टर भरपूर पाण्याने धुवायचा. मग खरखर उरलीच असेल तर आम्लाची पाळी. उत्पादक सांगतात ते प्रमाण एक भाग म्युरिॲटिक ॲसिड, म्हणजेच हायड्रोक्लोरिक आम्ल, आणि वीस भाग पाणी. घरच्यांनी या वाटेला न जाता निम्मे पांढरे व्हिनेगर आणि निम्मे पाणी घेऊन काही तास थांबणे शहाणपणाचे. काम सावकाश होते, पण डोळे आणि फुप्फुसे शाबूत राहतात. आम्ल आणि कॅल्शियमचे क्षार भेटले की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सुटतात, त्यामुळे किती वेळ ठेवायचे हे घड्याळ पाहून ठरवावे लागत नाही. बुडबुडे थांबले की क्षार संपले, किंवा व्हिनेगरची ताकद संपली. ताज्या द्रावणाचा थेंब टाकला की कोणते ते कळते. भारतात बाथरूम धुण्यासाठी मिळणारे रंगीत ॲसिड इथे कामाचे नाही, त्यात रंग आणि फेसकारक पदार्थ मिसळलेले असतात.

चौकट : बादलीपाशी सांभाळायचे

आम्ल आणि ब्लीच किंवा टबाचे क्लोरीन एका बादलीत कधीही येऊ देऊ नये. त्यांच्या मिश्रणातून क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात १९१५ मध्ये ईप्रच्या रणांगणावर शस्त्र म्हणून वापरला गेला तोच हा वायू. एका द्रावणातून दुसऱ्यात जाताना फिल्टर आणि बादली दोन्ही धुऊन घ्यावीत. आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, पाणी आम्लात नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच, जागा उघडी हवी. फिल्टर काढण्यापूर्वी टबाची वीज बंद करावी. फिल्टरशिवाय टब चालवून पाहायचा तो दोष शोधण्यापुरता, मिनिट-दोन मिनिटे.

न दिसणारे रहिवासी

इथवरची गोष्ट प्रवाहाची आणि पाण्याच्या रूपाची. फिल्टर धुण्याचे आणखी गंभीर कारण जिवाणूंचे आहे.

१९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या बोव्हनकार्स्पल गावी मोठे पुष्पप्रदर्शन भरले होते. ट्युलिप पाहून घरी गेलेल्या लोकांना काही दिवसांनी न्यूमोनियाने गाठले. दोनशेच्या आसपास माणसे आजारी पडली आणि त्यांतली अनेक दगावली. तपासात संशयाचे बोट वळले ते फुलांकडे नाही, शेजारच्या दालनात विक्रीसाठी मांडलेल्या हॉट टबकडे. त्यात कुणी उतरलेसुद्धा नव्हते. गरम पाणी फसफसत होते, त्याचे बारीक तुषार हवेत पसरत होते आणि त्या तुषारांतून लिजिओनेला नावाचा जिवाणू येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या फुप्फुसांत जात होता. वीस वर्षांनी, सप्टेंबर २०१९ मध्ये, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनातल्या जत्रेत जवळपास हीच कथा पुन्हा घडली: मांडलेले टब, जवळून गेलेली माणसे, १३० हून अधिक रुग्ण आणि चार मृत्यू.

लिजिओनेलाला २५ ते ४५ अंशांचे पाणी मानवते, म्हणजे टबाचे नेहमीचे तापमान त्याच्या सोयीचेच. क्लोरीन त्याला मारते, पण क्लोरीनपासून लपायला त्याला जागा मिळते ती बुळबुळीत थरात. पाइपांच्या आत आणि मळक्या निऱ्यांत जिवाणू स्वतःभोवती चिकट द्रव सोडून हा थर बांधतात आणि त्याच्या आड राहतात. फिल्टरमधल्या तेलाचा आणि त्वचेच्या कोंड्याचा इथे दुहेरी तोटा होतो. एक तर तो जिवाणूंचा दाणागोटा; दुसरे म्हणजे पाण्यात टाकलेले क्लोरीन त्या मळाशी झुंजण्यातच खर्ची पडते. क्लोरीन घालूनही पाणी तपासायच्या पट्टीवर त्याची नोंद दिसत नाही, पाणी दुधाळ राहते, ही तक्रार बहुतेक वेळा फिल्टरपाशी येऊन थांबते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या शिफारशीनुसार हॉट टबात मोकळे क्लोरीन किमान ३ पीपीएम असावे आणि पीएच ७.० ते ७.८ च्या दरम्यान. ब्रोमीन वापरणाऱ्यांसाठी किमान आकडा ४ पीपीएम.

सगळे प्रकार इतके भीषण नसतात. स्यूडोमोनास जिवाणूमुळे अंगावर, विशेषतः ओल्या कपड्याखाली, लाल खाजरे पुरळ उठते आणि बहुधा आपोआप जाते. पण फिल्टर धुणाऱ्याला एक वेगळा धोका असतो. जोराच्या धारेने निऱ्यांतला चिकट थर बारीक तुषार होऊन उडतो आणि धुणारा तो श्वासातून आत घेतो. टबातल्या क्षयेतर मायकोबॅक्टेरिया जिवाणूंचे तुषार वारंवार श्वासात जाऊन फुप्फुसांना सूज आल्याची प्रकरणे डॉक्टरांनी नोंदवलेली आहेत. त्या आजाराला 'हॉट टब लंग' असे नावच पडले आहे. म्हणून फिल्टर उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून धुवावा. कॅनडाच्या हिवाळ्यात बागेतला नळ बंद असतो हे मान्य. तेव्हा कोंदट न्हाणीघरात शॉवरचा मारा करण्यापेक्षा बादलीत भिजवून हलकेच खळबळावा, खिडकी उघडी किंवा पंखा चालू ठेवावा आणि तोंडाला चांगला मास्क बांधावा.

किती दिवसांनी?

नियमित वापरातला फिल्टर आठ-पंधरा दिवसांतून एकदा पाण्याने धुवावा, महिन्याकाठी अल्कलीत भिजवावा, आणि आम्ल फक्त क्षार दिसतील तेव्हाच. टबाचे पाणी बदलण्यासाठी अमेरिकेत एक सोपा हिशेब रुळला आहे: टबाचे गॅलन भागिले तीन, भागिले रोज उतरणारी माणसे. चारशे गॅलनचा टब आणि रोज दोन माणसे असतील तर साधारण ६६ दिवस. पाहुण्यांची फौज येऊन गेली तर हा हिशेब अर्थातच बसत नाही. पाणी बदलण्याच्या दिवशीच फिल्टरची मोठी धुलाई ठेवली तर ताज्या पाण्यात जुना मळ जात नाही. उतरण्यापूर्वी साध्या पाण्याने अंघोळ केली तर फिल्टरवर येणारे निम्मे काम आधीच टळते, पण हा सल्ला थंडीत कुणी ऐकत नाही.

दोन फिल्टर ठेवणे ही चैन नाही. एक टबात असताना दुसरा रात्रभर भिजतो, मग पूर्ण वाळतो. वाळल्यावर निऱ्यांत उरलेली बारीक भुकटी सैल होऊन झटकता येते, जिवाणूंनाही कोरडेपणा सोसत नाही. शिवाय फिल्टरमधला मळ खरोखर किती निघाला हे कळायचा एक साधा मार्ग मोकळा होतो: नवा फिल्टर आणला की स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून त्याचे वजन झाकणावर मार्करने लिहून ठेवायचे. पुढे प्रत्येक धुलाईनंतर, पूर्ण वाळल्यावर, पुन्हा वजन करायचे. आकडा चढत गेला तर तेवढा मळ कापडात मुक्कामाला आहे.

बहुतेक फिल्टर वर्ष-दोन वर्षे चालतात. झाकणाला तडा गेला, निऱ्यांना धरून ठेवणारे पट्टे सुटले, कापडावर लव दिसू लागली किंवा निऱ्या एकमेकींना चिकटून सपाट झाल्या, तर धुण्यात वेळ घालवू नये. तडा गेलेल्या झाकणातून पाणी गाळले न जाताच पंपाकडे जाते, आणि त्या टबाचा पॅनेल मात्र प्रवाह उत्तम असल्याचे दाखवत राहतो.